अप्रॉक्झिमेट डोळा

कृत्रिम डोळे बनवणाऱ्या म्हाताऱ्या कारागिराला इंग्रजी फारसं येत नव्हतं, पण एक शब्द त्याने असा राबवला होता की त्या शब्दानेच हात जोडावेत. चहात साखर किती? अप्रॉक्झिमेट. वय? अप्रॉक्झिमेट सत्तर. डोळा तयार झाला की दवाखान्याच्या कागदावर रंग कितपत जुळला ते लिहावं लागे, तिथेही हेच. कधी त्याचा अर्थ अंदाजे असे, कधी जवळपास, आणि कामाची गोष्ट निघाली की जमेल तितकं जवळ नेलेलं. त्याच्याच हाताखाली शिकलेल्या त्याच्या मुलीला मात्र त्यात एकच अर्थ ऐकू येई: थोडक्यात हुकलेलं.

म्हणून खिडकीवर तिकिटं विकणारी एक बाई डोळा करून घ्यायला आली तेव्हा मुलीने बाबांना बाजूला बसवून काम स्वतःकडे घेतलं. बाईचा डावा डोळा अपघातात गेला होता. रांगेतले लोक काय बघायचं ते बघू देत, ती म्हणाली. पण नवरा बोलताना हनुवटीकडे बघतो, तेवढं थांबलं पाहिजे. मुलीच्या मनाला ते लागलं. तिने बाईला तीन दिवस सकाळच्या उजेडात समोर बसवून बुबुळ रंगवलं, लाल रेशमाचे केसाएवढे धागे शिरांसारखे बसवले आणि कागदावर ऐटीत लिहिलं, ‘तंतोतंत’. बाबा चष्मा पुसत राहिले.

आठवड्याने बाई परत आली, ती संध्याकाळी, कामावरून थेट. चूक दारातच दिसली. दिवसभर राबून उजवा डोळा लालसर झाला होता, त्याची बाहुली कमी उजेडात मोठी झाली होती. डावा आपला नुकतीच अंघोळ करून आल्यासारखा टवटवीत. एक डोळा कामावर, एक रजेवर, असं बाई स्वतःच हसत म्हणाली. नवऱ्याचं विचारल्यावर तिचं हसू गेलं. आता तो कपाळाकडे बघत होता.

मुलीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाबांनी टोमणा मारला नाही, ते तर जास्तच झोंबलं. बाई गेल्यावर तिने बाबांना विचारलं, तुम्ही हे कसं जमवता.

“सकाळी, दुपारी, संध्याकाळी, तिन्ही वेळा बोलावतो,” बाबा म्हणाले. “आणि तिन्हींच्या मधला रंगवतो. तो कुठल्याच वेळी तंतोतंत नसतो, पण कुठल्याच वेळी परका वाटत नाही. माणसाचा डोळा दिवसभर एकसारखा राहतो होय? आपण त्याच्या जवळ राहायचं.”

“मग आधी सांगितलं का नाहीत?”

“पटलं असतं?”

पटलं नसतं. मुलगी मुकाट्याने पुन्हा कामाला बसली. या खेपेला बाई तिन्ही वेळांना येऊन गेली, आणि मुलीने बाहुली जरा मोठी ठेवली, लाल धागे दोन वाढवले.

नवा डोळा बसवला त्या संध्याकाळी नवरा बाईला न्यायला आला होता. तो बाकावर मोबाईल बघत बसला होता. बायको बाहेर आली तशी त्याने मान वर केली.

“घराची किल्ली तुझ्याकडे आहे ना?” त्याने विचारलं, सरळ तिच्या डाव्या डोळ्यात बघून.

बाई जागीच थांबली. त्याला वाटलं, ऐकू गेलं नसेल. त्याने पुन्हा विचारलं, तसंच बघत.

“आहे,” ती म्हणाली, आणि पर्स न उघडता तशीच त्याच्यासमोर उभी राहिली.