आजीचा बांगडा

मालसुन आजी बाहुलीशी धडधडीत खोटं बोलायची. पोटात पाण्यात कालवलेला भात आणि किमचीच्या, म्हणजे आंबवलेल्या तिखट कोबीच्या, दोन फोडी, आणि बाहुलीला सांगणार, "आज बांगडा भाजला गं, सोयाबीनचं कालवणही केलं. पोट अगदी टम्म झालंय."

नामहे गावच्या नगरपालिकेने एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांना अशा बोलणाऱ्या बाहुल्या वाटल्या होत्या. आजीने आपल्या लाल गालांच्या बाहुलीचं नाव ठेवलं कोंगी. ठरल्या वेळी ती विचारायची, "आजी, जेवलात का?" आणि आजी सांगेल ते टिपून दूर राजधानीत, सोलला राहणाऱ्या लेकाच्या, थेसोकच्या, फोनवर धाडायची. आजीला हे पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर बांगडा. लेकाला घोर नको.

पण झालं भलतंच. पूर्वी थेसोक रोज संध्याकाळी फोन करून तेवढंच विचारायचा, जेवलीस का. त्यांच्या मुलखात सगळी माया त्या एका प्रश्नात मावते. बाहुली आली आणि त्याचे फोन आटले. ती विचारतेय, उत्तर येतंय, मग आपण कशाला? वाईट नव्हता बिचारा. माणूस सोयीला सोकावतो, एवढंच.

लसूण काढणीच्या दिवसांत पालिकेची युनसोल टॅब घेऊन आली.

"आजी, नवा नियम आलाय. बाहुलीने ऐकलेलं कुणाला कळवायचं, ते आता तुम्ही ठरवायचं. थेसोकदादांनी तुमच्या वतीने संमती दिली होती, ती चालत नाही."

"म्हणजे मला विचारायला वरून नियम यावा लागला!" आजी हसली.

"हो म्हणताय ना? सगळ्या आज्या हो म्हणतात. नाही म्हणालात, तरी धडपडलात तर ती आम्हाला कळवेलच."

आजीने मनाशी हिशेब केला. हो म्हटलं तर बांगडा रोज भाजला जाईल. नाही म्हटलं तर थेसोक स्वतः विचारेल? की बाहुलीचंही बंद आणि त्याचंही? मग आपण जेवलो काय, उपाशी राहिलो काय, कुणालाच कळायचं नाही.

"नाही म्हणते मी," ती म्हणाली.

"दादांवर रागावलात का?"

"रागावेन कशी? त्याच्या आवाजाची आठवण येते गं पोरी."

टॅबवर 'नाही' कुठे आहे ते युनसोलने दाखवलं आणि आजीने तिथे बोट टेकवलं.

तो दिवस गेला. दुसराही गेला. फोन मांडीवर घेऊन आजी लसणाच्या जुड्या बांधत राहिली. शेवटी तिचा धीर सुटला. "कुठून मेली ही अक्कल सुचली मला," म्हणत ती युनसोलला फोन लावणार, तोच तो वाजला.

"आई, बाहुली बिघडली का गं? काहीच येत नाहीये."

"ती ठणठणीत आहे. मीच बंद करायला सांगितलं."

"का?"

"तुला हवं असेल तर मला विचार की."

पलीकडून हळूच आवाज आला, "जेवलीस का, आई?"

बांगडा आजीच्या जिभेवर तयार होता. पण बाहुलीला थापा मारणं निराळं. लेकाच्या आवाजापुढे तिची जीभ वळेना.

"पाण्यात भात कालवून खाल्ले रे दोन घास. एकटीसाठी कोण रांधत बसतं?"

"रोज?"

"रोज."

नाक ओढत थेसोक म्हणाला, "मीपण नाही जेवलो अजून."

"गाढवा, इतका वेळ उपाशी? ऊठ, भात वाढून घे. आणि फोन ठेवू नकोस. मीही शेगडी पेटवते."

घरात बांगडा खरंच होता. थेसोक येईल तेव्हासाठी मीठ लावून ठेवलेला. आजीने तो तव्यावर टाकला, आणि चुरचुर सोलपर्यंत ऐकू जावी म्हणून फोन तव्याजवळ धरला.

ती पहिला घास घेते न घेते, तोच कोंगी बोलली, "आजी, जेवलात का?"

"गप गं," आजी म्हणाली, "लेकाबरोबर जेवतेय."