स्लीपरवरचे पाऊल

पंखे बंद केले की भुसावळच्या त्या हॉलमध्ये चेंडूचा आवाज मोठा होतो. टेबलावर टक्, बॅटवर टुक्, पुन्हा टक्. आणि चुकलेल्या चेंडूची जमिनीवरून दूर जाणारी, विरत जाणारी टकटक. चैत्रात सकाळी साडेआठलाच छताचा पत्रा तापलेला असतो, उन्हाचे पट्टे खिडकीच्या गजांतून फरशीवर उतरलेले असतात. पण वाऱ्याने हलका चेंडू वाहवतो, म्हणून आम्ही सहा जण घामात खेळायचो. सहाही जणांना कंपवात. नाना आठवतात ते या आवाजासह: टेबलापलीकडे किंचित पुढे वाकलेले, डाव्या हाताचा अंगठा तर्जनीवर सतत फिरत असलेला.

नानांनी नोकरीभर रेल्वेचे इंजिन चालवले. इंजिनात एक बटण असते. चालकाची काही वेळ हालचाल झाली नाही तर दिवा लुकलुकतो, मग बझर वाजतो, आणि तरीही बटण दाबले नाही तर गाडी आपोआप थांबते. ते बटण दाबून दाबून घडलेला अंगठा आता रिकाम्या हवेत काहीतरी दाबत राही. चेहरा मात्र उन्हाळ्यातल्या तापीच्या डोहासारखा स्थिर. खाली किती पाणी आहे, वरून कळत नसे.

सिग्नल दिसताच इंजिनातले दोघे हात पुढे करून त्याचा रंग मोठ्याने पुकारतात. एकाने म्हणायचे, दुसऱ्याने तेच परत म्हणायचे. ही रीत नानांनी हॉलमध्ये आणली. या आजारात पाय अचानक जमिनीला चिकटतात, विशेषतः दारात आणि वळताना. नाना दारात असे थांबले की गाड्यांसाठी रूळ बदलणारे निवृत्त पॉइंट्समन रफिकभाई खुर्चीतून म्हणत, "नाना आउटरले उभे आहेत. सिग्नल द्या रे कोनी."

कोणीतरी हात पुढे करून पुकारी, "हिरवा."

"हिरवा," नाना परत म्हणत, आणि पाय सुटे.

"किती लेट?" रफिकभाई विचारत.

"तुमच्या पॉइंटमुळे खोळंबली."

आम्ही नेहमी हिरवाच पुकारत असू. लाल पुकारायची वेळ त्या हॉलमध्ये कधी आली नव्हती.

मी जळगावहून पॅसेंजरने येत असे. माझी नोकरी वर्तमानपत्रात दुसऱ्यांच्या बातम्या तपासण्यात गेली, आणि माझा आजार नानांच्या चार वर्षे मागे होता. त्यामुळे त्यांच्याकडे पाहताना मी पुढच्या स्टेशनाकडे पाहत असे.

व्यायाम घेणाऱ्या मॅडमनी एकदा दारापासून टेबलापर्यंत पांढऱ्या टेपच्या आडव्या पट्ट्या चिकटवल्या. पाय अडला की डोळ्यांनी रेघ धरायची, तिच्यावर पाऊल टाकायचे. रुळांखालच्या आडव्या फळ्यांकडे पाहावे तसे नानांनी पट्ट्यांकडे पाहिले. "ह्या ते स्लीपर शेतस," ते म्हणाले, आणि कोणी न पुकारता टेबलापाशी पोहोचले.

त्यांच्या घरामागून हॉलच्या मागे येणारी एक जुनी सायडिंग, वापरात नसलेली बाजूची लाइन, आहे. रूळ गंजलेले, लाकडी स्लीपर गवतात अर्धे बुडालेले. हॉलपाशी एक पायवाट डावीकडे फुटते. सायडिंग तशीच पुढे चालू लाइनपर्यंत जाते. नाना त्या स्लीपरवरून येऊ लागले. पाठ ताठ, पाऊल मोजके, हात लयीत. वीस वर्षांपूर्वीचा माणूस सकाळच्या तिरप्या उन्हातून चालत यावा तसे. अक्का, त्यांच्या पत्नी, रोज दारातून सांगत, "रस्त्याच्या पुलावरून जा. लांब पडीन, पन जा."

"लाइन बंद शे. तठे गाडी येत नही."

हॉलमध्ये आम्हीही तेच म्हणालो. रेल्वेच्या माणसांना बंद लाइन म्हणजे बंद लाइन. ती कुठे जाऊन मिळते हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक नव्हते, आणि तेच त्यांच्या मनात आले नाही. शिवाय नानांनी पहिल्याच दिवशी बजावले होते: बायकोचा हात धरून यावे लागेल त्या दिवशी बॅट खाली ठेवीन. त्या चालण्यावर त्यांचे सगळे काही उभे होते.

ती सकाळ इतर सकाळींसारखीच उगवली. औष्णिक वीज केंद्राच्या चिमणीचा धूर सरळ वर जात होता, वारा नव्हता. मी मागच्या खिडकीशी उभा होतो. नाना आले, पायवाटेपाशी पोहोचले, आणि वळले नाहीत. वळण म्हणजे रेघ सोडणे. पुढे मात्र स्लीपरमागून स्लीपर पायांना बोलावत होता. चाल सुरेख होती. वेग हळूहळू वाढत होता. चालू लाइनवरून मालगाडीचा हॉर्न ऐकू आला.

मी ओरडलो. या आजारात आवाजही आटतो. माझा गजांबाहेर पडला नाही. मग बाकीचे चौघेही खिडकीशी आले. रफिकभाईंनी हात पुढे केला आणि आम्ही एकदम पुकारले, "लाल."

नानांचा उजवा हात वर गेला. ओठ हलले, त्यांनी रंग परत म्हटला असावा. ते थांबले. समोरून मालगाडी गेली, बराच वेळ जात राहिली, आणि तिच्या वाऱ्याने त्यांचा सदरा फडफडत होता.

गाडी गेल्यावरही ते तसेच उभे होते, हात वर. हिरवा कोणीच पुकारला नाही. घराकडून अक्का धावत आल्या आणि त्यांनी नानांचा हात धरला.

नाना आता धुळ्याला मुलाकडे असतात. पावसाळा सरल्यावर मी भेटायला गेलो. फरशी मोठी, गुळगुळीत, पांढरी. एका भिंतीपासून दुसरीपर्यंत एक सांधासुद्धा दिसू नये अशी. नाना तिच्या मधोमध उभे होते. अक्का म्हणाल्या, "अर्धा तास झाला. बसा म्हनलं तर बसत नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिले. ते कशाची वाट पाहत होते, मला माहीत होते. मी हात पुढे केला आणि हिरवा पुकारला. निदान मला तसे वाटले. नानांचा अंगठा चालत राहिला; पाय हलले नाहीत.

निघताना उंबरठ्याशी माझा उजवा पाय क्षणभर अडला. मागून कोणी काही म्हटले नाही. काळ जमिनीवरच्या रेघा एकेक करून पुसत जातो; आठवण त्या जिथे होत्या तिथे पाऊल टाकत राहते, आणि एके दिवशी ते पाऊलही हवेतच राहते.