रडण्याची जागा

मोर्वांने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. ही रडायची खूण. चार बायकांचे रुमाल लगेच डोळ्यांना लागले. झेलीचा मात्र मांडीवरच राहिला.

रंगमंचावर नायिका आपलं तान्हं मूल अनाथाश्रमाच्या पायरीवर ठेवून गात होती. पॅरिसातली नाटकगृहं टाळ्यांना, हसण्याला, रडण्याला माणसं भाड्याने ठेवत, आणि मोर्वां इथल्या टोळीचा मुकादम. झेली त्याची सगळ्यांत भरवशाची रडणारी. सोळा वर्षांत कितीतरी नायिकांना तिने रडून वाटेला लावलं होतं. आज रंगीत तालीम, सभागृह निमंत्रितांनी भरलेलं, आणि हिचे डोळे कोरडे ठणठणीत.

मध्यंतरात मोर्वांने तिला गाठलं.

"काय गं, डोळ्यांना कुलूप लावलंयस? शेवटच्या अंकात कामाला आली नाहीस, तर उद्या तुझ्या खुर्चीत दुसरी."

"नाही साहेब. रडते."

हे संगीत नाटक ज्या कादंबरीवरून रचलं होतं ती तिने वाचली नव्हती, ऐकली होती. दिवसा ती जिथे राबे त्या इस्त्रीच्या दुकानात एकजण रोज वर्तमानपत्रातला हप्ता वाचून दाखवी. त्यात आई चार वर्षांनी मुलीला न्यायला येते, आणि कारकून वहीवर बोट फिरवत सांगतो, दुसऱ्याच हिवाळ्यात गेली. त्या दिवशी झेलीच्या हातून एक कॉलर जळली. तिनेही आपली मुलगी अशीच आश्रमाच्या पायरीवर ठेवली होती; ती तिसऱ्या हिवाळ्यात गेली. हे तिने आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. आता तेच गाऊन दाखवणार म्हटल्यावर तिला पळून जावंसं वाटत होतं. पण नुसत्या इस्त्रीवर भागत नव्हतं, आणि पन्नाशीच्या बाईला दुसरं काम कोण देतो?

शेवटचा अंक. आश्रमाचं दार उघडलं. कारकुनाने वही काढली. झेलीने खुर्चीचा हात घट्ट धरला.

आणि आतून एक पोर धावत आली, आईच्या गळ्यात पडली.

वरच्या सज्जांत घरंदाज मंडळी उपवर मुली दाखवायला आणत. त्यांच्यापुढे मेलेलं पोर नाटकगृहाच्या मालकाला कसं परवडणार? त्याने शेवटच फिरवला होता. मोर्वांने टोपी डोक्यावर घातली. म्हणजे हसा, टाळ्या वाजवा.

झेलीला हुंदका फुटला, मोठा, ओबडधोबड. मोर्वांने डोळे वटारले. तिला आवरेना. मागे कुणीतरी नाक ओढलं, मग सज्जातल्या बायकांनी, आणि बघता बघता सगळं सभागृह रडायला लागलं.

पडदा पडताच मोर्वां धावत आला.

"हसायला सांगितलं तर रडतेस! पण काय रडलीस गं! संगीतकाराने मला मिठी मारली. उद्यापासून तुझी रडायची जागा हीच."

"मला मोकळं करा साहेब. उद्यापासून नाही जमायचं."

"आता? डोकं फिरलंय का तुझं?"

तिने शाल पांघरली. दारापर्यंत गेली, मग थांबली.

"साहेब, उद्याही सापडेल का हो तिला पोर?"

"न सापडून जाते कुठे! रोज सापडणार. अख्खा हंगाम."

झेलीने रुमाल नीट घडी करून खिशात ठेवला.

"मग येते," ती म्हणाली.