टोला परतवायचा नाही

गुरुवारी पाणी येणार नसलं की नारायण पेठेतल्या त्या इमारतीत बुधवारी संध्याकाळी लग्नघरासारखी लगबग उडे. तिसऱ्या मजल्यावरच्या दीनानाथ काण्यांकडे तर पिंपांपासून चहाच्या पातेल्यापर्यंत सगळं काठोकाठ भरलेलं असे. "दोन माणसं तुम्ही, हत्ती पाळलाय का?" असं शेजारचे श्रीधरकाका दर वेळी विचारत. "नाही, पण तू येतोस ना चहाला," असं दीनानाथ दर वेळी सांगत.

म्हणूनच या गुरुवारी सकाळी त्यांची मुलगी नीरजा मोरीच्या दारात थबकली. दोन्ही पिंपं कोरडी होती. कोपऱ्यात एकच बादली भरून ठेवलेली, वर ताट झाकलेलं. एका माणसाचा दिवस निघेल एवढंच पाणी.



नीरजा वाघोलीच्या एका कॉलेजात रसायनशास्त्राचे प्रयोग शिकवायची. एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढायचा नाही, हे ती मुलांना रोज बजावत असे. बाबा विसरले असतील, तिनं स्वतःला सांगितलं. पण उभी नोकरी खडकीच्या दारूगोळा कारखान्यात काढलेला तो माणूस गॅसचं बटण तीनदा तपासल्याशिवाय झोपत नसे. आई गेल्याला वर्ष होत आलं, तरी एकदाही पाणी भरायचं राहिलं नव्हतं.

गेल्याच महिन्यात कॉलेजनं शिक्षकांसाठी शिबिर घेतलं होतं. मनानं कोलमडलेल्या माणसाला पहिला हात कसा द्यायचा, हे उल्का मॅडम नावाच्या समुपदेशक शिकवायला आल्या होत्या. "शंका आली तर सरळ विचारा," त्या म्हणाल्या होत्या. "विचारल्यामुळे नसलेला विचार डोक्यात शिरत नाही. असलेल्याला मात्र बाहेर यायला वाट मिळते." जोड्या लावून सराव घेतला, तेव्हा नीरजानं न अडखळता विचारलं होतं आणि मॅडमनी तिला शाबासकी दिली होती. पण तेव्हा समोर भौतिकशास्त्राचे संभाजी सर होते. बाबा नव्हते.

दीनानाथ खिडकीशी बसले होते. पुढ्यातल्या चहावर साय धरली होती.

"बाबा, पाणी भरलं नाहीत? संपावर आहात की काय?" नीरजानं विचारलं. सरळ विचारायचं होतं, पण घरच्या सवयीनं जीभ आपोआप वळली.

"महापालिकेला सुट्टी चालते, मला नाही?"

"महापालिका निदान आदल्या दिवशी कळवते."

दीनानाथ हसले. "हे बरं होतं." नीरजाही हसली. बाबा टोला मारतायत, म्हणजे बाबा ठीक आहेत! तिनं बॅग उचलली आणि जिना उतरायला लागली.

पहिल्या मजल्यावर श्रीधरकाका भाजीची पिशवी घेऊन वर येत होते. "काय गं, तुझ्या तीर्थरूपांना झालंय काय? काल बुद्धिबळाचा पट घेऊन दारात हजर. सोंगट्यांसकट देऊन टाकला मला. म्हणे, तुला हरायची सवय आहे, सराव चालू ठेव."

"तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, जिंकणारा पळून जातोय, नोंद घ्या!" काका स्वतःच्याच विनोदावर खुदकन हसले.

आवडती वस्तू देऊन टाकणं: उल्का मॅडमनी फळ्यावर ठळक लिहिलेली धोक्याची खूण. एका दिवसाच्या आत त्या माणसानं दोन दारं ठोठावली होती. काकांनी आणि तिनं, दोघांनीही टोल्याला टोला देऊन आपापलं दार लावून घेतलं होतं. पेठेत लहानपणापासून अंगी बाणलेली रीत! समोरच्याचं वाक्य जमिनीवर पडू द्यायचं नाही.

"काका, घरीच थांबा. दार उघडं ठेवा," एवढंच बोलून ती धावत वर गेली.

"कॉलेज बुडालं का?" दीनानाथांनी विचारलं.

ती त्यांच्यासमोर जमिनीवर बसली.

"बाबा, तुमच्या मनात जीव द्यायचा विचार येतो का?"

दीनानाथांनी भुवया उंचावल्या. "प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा आहे."

उत्तर तिच्या जिभेवर तयार होतं, चांगलं धारदार. तिनं ओठ घट्ट मिटले. हसली नाही, मानही हलवली नाही. आपण चुकलो, बाबांचा अपमान केला, आता ते उठून जातील, असं तिला क्षणाक्षणाला वाटत होतं. वाक्य जमिनीवर पडलं होतं. ते तिनं तसंच पडू दिलं.

"येतो," दीनानाथ म्हणाले. आवाज इतका साधा होता की तो त्यांचा वाटेना.

"पण बाबा, मी आहे ना!" तिच्या तोंडून निघून गेलं.

त्यांनी मान खिडकीकडे फिरवली. "आहेस की. मी कुठे नाही म्हटलं?"

"चुकलं माझं," ती घाईनं म्हणाली. "तुम्ही सांगा. मी ऐकते."

खिडकीकडेच पाहत ते बोलायला लागले. सकाळी जाग आली की पहिला विचार येतो, परत? पुन्हा दात घासायचे, पुन्हा चहा? तिची आई होती तेव्हा हा प्रश्नच पडला नव्हता. काल नळाखाली बादली लावली, ती भरली, आणि पुढची लावायला हात उचलेना.

"काही ठरवलं होतंत? आज?"

त्यांनी कपाटाकडे पाहिलं. तिथे आईच्या उरलेल्या औषधांचा डबा होता.

"तो मी काकांकडे ठेवते. चालेल?"

"श्रीधरला सांगणार?" ते ताडकन उठले. "उद्या पेठभर होईल! वेडा ठरवा मला एकदाचं. वचन दे, कुणाला सांगणार नाहीस."

असं वचन द्यायचं नसतं, हे तिला शिकवलं होतं. वडिलांच्या डोळ्यांत पाहून नाही म्हणताना काय होतं, ते कुणी शिकवलं नव्हतं.

"ते वचन नाही देता येणार, बाबा. पण तुम्हाला न सांगता काही करणार नाही. आधी काकांना हाक मारते. मग डॉक्टरांना फोन. तुमच्यासमोरच."

ते पाठ फिरवून उभे राहिले. पण डबा तिनं उचलला, तेव्हा अडवलं नाही.

श्रीधरकाका आले. तिनं दोन वाक्यांत सांगितलं. त्यांनी सवयीनं तोंड उघडलं. मग त्यांनी ते मिटलं, खुर्ची ओढली आणि दीनानाथांच्या गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ बसले. उल्का मॅडमनी सुचवलेल्या मनोविकारतज्ज्ञांना नीरजानं फोन लावला. "लगेच घेऊन या," ते म्हणाले.

तिघं रिक्षात बसले. प्रत्येक सिग्नलला नीरजा बाबांच्या हाताकडे पाहत होती. बाबांनी सीटची कड घट्ट धरली होती.

दवाखान्यात नाव पुकारलं, तेव्हा दीनानाथ उठले नाहीत. आता हे परत फिरले तर?

"आत काय विचारतील?"

"मी विचारलं तेच."

"म्हणजे पुन्हा सांगावं लागणार."

"हो."

नर्सनं दुसऱ्यांदा नाव पुकारलं.

"पहिलं वाक्य तू सांग," ते म्हणाले. "तेवढं मला जमणार नाही. पुढचं बघतो."

नीरजा उठली. ती त्यांच्या आधी दारातून आत गेली, आणि मागे त्यांची पावलं ऐकू आल्यावरच तिनं पहिलं वाक्य सांगितलं.