सहावी फळी

लाकडाला ऊनपावसापासून राखणं ही माणसाच्या सुसंस्कृतपणाची पहिली खूण आहे, असं नागोराव म्हणत. म्हणत ते प्लास्टिकच्या खुर्चीत बसून, कारण त्यांच्या घिवलीच्या घरात लाकडी म्हणावं असं एवढंच होतं, बैठकीच्या भिंतीला रचून ठेवलेल्या चाळीस सागवानी फळ्या. या फळ्यांचा घरामागे, समुद्राच्या बाजूला, डेक, म्हणजे बसायचा लाकडी ओटा, व्हायचा होता. दोन वर्षं व्हायचा होता.

नागोराव मूळचे नांदेडकडचे. बोईसरच्या एमआयडीसीत एका केमिकल कंपनीच्या क्वालिटी कंट्रोलमध्ये त्यांनी एकतीस वर्षं काढली आणि तपासल्याशिवाय एक पिंप गेटबाहेर जाऊ दिलं नाही. रिटायर झाल्यावर घिवलीत घर बांधलं ते रंभाबाईंच्या शब्दाखातर. रंभाबाईंनी उभ्या संसारात एकच गोष्ट मागितली होती. समुद्राकडे तोंड करायचं, पाय पसरायचे आणि निवांत चहा प्यायचा. नागोरावांनी लगोलग फळ्या आणल्या. मग दुकानदाराने विचारलं, साहेब, रंगाचा स्टेन कुठला देऊ, पाणी अडवणारा सीलर कुठला देऊ? निवांतपणा तिथेच संपला.

प्रत्येक दुकानदार आपलाच डबा सर्वात टिकाऊ असल्याचं शपथेवर सांगत होता. एकतीस वर्षं शपथा तपासण्यात गेलेला माणूस त्यावर कसा विसंबणार? नागोरावांनी चाचणी मांडली. एका जादा फळीचे सहा तुकडे केले आणि कुंपणालगत लोखंडी स्टँडवर, दक्षिणेकडे थोडे तिरके करून ठोकले. एकाला पाण्यातला स्टेन, एकाला तेलातला, एकाला जहाजाचं व्हार्निश, एकाला उकळलेलं जवसाचं तेल, एकाला पारदर्शक सीलर. आणि एक तुलनेसाठी कोराच. आपल्याच मनात पक्षपात नको म्हणून डबे लावायचं काम त्यांनी स्वतः गावाबाहेर जाऊन रंभाबाईंकडून करून घेतलं. तुकड्यांवर नुसते आकडे. कुठल्या आकड्याला काय लावलं त्याची यादी पाकिटात, पाकीट लाखेने बंद, आणि देव्हाऱ्यात. निकालापर्यंत या तुकड्यांबद्दल चकार शब्द काढायचा नाही, अशी सक्त ताकीद त्यांनी रंभाबाईंना दिली. रंभाबाईंनी ती पाळली.

सकाळी आठ ते दोन नागोराव बोईसरला एका लहानशा कारखान्यात सल्लागार म्हणून जात. उरलेल्या वेळात त्यांच्या पायाला भिंगरी असे. चहा अर्धा टाकून उठत, तुकड्यांपर्यंत जात, परत येत, बसत, वाऱ्याची दिशा बदलली की पुन्हा उठत. हात मात्र लावत नसत, कारण नियमाप्रमाणे तपासणी महिन्याच्या पहिल्या रविवारी. त्या दिवशी प्रत्येक तुकड्यावर पाण्याचे पाच थेंब टाकायचे, ते मुरेपर्यंत घड्याळ बघायचं आणि वहीत लिहायचं.

पहिल्या पावसाळ्यातच एक नंबरचे पापुद्रे निघाले. चारवर काळी बुरशी धरली. दुसऱ्या पावसाळ्यानंतर पाचही तुकडे थेंब तहानल्यासारखे पिऊ लागले. सहावर मात्र थेंब अळूच्या पानावर राहावा तसा ठाम. रंगही हळूहळू मधासारखा खुलत गेला. हा तो महागडा पारदर्शक सीलर, हे नागोरावांनी मनोमन ओळखलं होतं. पण पाकीट दसऱ्याला फोडायचं ठरलं होतं, म्हणजे दसऱ्याला.

त्याआधी रंभाबाईंनी त्यांना शांतपणे सांगून ठेवलं होतं.

"यंदाचा फराळ मी समुद्रापुढं बसून खाणार. नाहीतर लेकाकडे, भाग्येशकडे पुण्याला जाते. परत कधी येणार, ते मला विचारू नका."

आणि त्या जातील याबद्दल नागोरावांना शंका नव्हती. बॅग पलंगाखालून वर आली होती.

दसऱ्याला पूजा झाली, पाकीट फुटलं. सहा नंबरपुढे रंभाबाईंच्या अक्षरात लिहिलं होतं, 'कोरी'.

नागोरावांनी यादी दोनदा वाचली. मग चष्मा पुसून पुन्हा वाचली. मग कुंपणापाशी जाऊन सहावी फळी आयुष्यात पहिल्यांदा हुंगली. शेजारची लाडकी पलीकडे जाळं विणत बसली होती. तिने मान वर न करता विचारलं, "काय सायेब, फळीला ताप आलाय काय?"

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. स्टँड उंच, कुत्र्यांचं तोंड पोचत नाही, ऊन दिवसभर. नागोराव बोईसरला गेले की लाडकी त्यावर मांदेली सुकत घाली आणि ते परतायच्या आत उचले. सुरुवातीला सहाही तुकड्यांवर.

"तुमच्या रंगाचे पोपडे मासलीला चिकटत व्हते," ती म्हणाली. "मंग आमी कोरी तेवडी धरली. ती मासलीला सोडीत नाय, म्हणून सासऱ्यानं तेल चोळलं."

"किती वेळा?"

"दर आठवड्याला. दोन वर्सं झाली."

तेल मोरीचं, म्हणजे मुशी माशाच्या काळजाचं. पूर्वी लाकडी होड्यांना तेच चोळत. नागोराव घरात आले आणि त्यांनी रंभाबाईंना विचारलं की हे तुला ठाऊक होतं का.

"दर शनिवारी तुम्ही सुकी मांदेली खाता, ती कुठून येते वाटलं? चकार शब्द काढू नको म्हणाला होता तुम्ही."

नागोरावांना रात्रभर झोप नाही. नियमाने नमुना दूषित, म्हणजे चाचणी रद्द, म्हणजे आणखी दोन पावसाळे. दुसरीकडे पलंगावरची बॅग. पहाटे त्यांनी एकतीस वर्षांत न घेतलेला निर्णय घेतला. लेबल नसलेला माल पास.

लाडकीचे सासरे धर्माजी यांच्याकडे तेल डब्याच्या तळाला बोटभर उरलं होतं. आणखी कुठे मिळेल, असं विचारल्यावर त्यांनी मुरबे गावातल्या साडूचं नाव सांगितलं. नागोराव मुरब्याला गेले. साडूने चहा पाजला आणि दांडी गावाला पाठवलं. दांडीला ज्याच्याकडे पाठवलं तो लग्नाला गेला होता. दुसऱ्या दिवशी तो भेटला, पण तेल त्याच्या मावशीकडे. असे पाच दिवस गेले. शेवटी त्या म्हातारीने सोड्याच्या बाटलीत भरून दिलं आणि होडी केवढी आहे ते विचारलं. होडी नाही, बसायला आहे, असं नागोरावांनी सांगितल्यावर ती इतका वेळ हसली की त्यांना निघताच येईना. परतताना शेअर रिक्षात त्यांना मागची पूर्ण सीट मिळाली.

घरी आले तर बैठक मोकळी. चाळीस फळ्या कुंपणापलीकडे लाडकीच्या अंगणात आडव्या पडल्या होत्या आणि त्यांवर बोंबील, मांदेली, करंदी ऊन खात होती. घरामागे लाडकीचा दीर महादू थापी धूत होता. तो गवंडी. फळ्यांच्या बदल्यात काम, असं बायकांमध्ये दसऱ्याच्या संध्याकाळीच ठरलं होतं. समुद्राकडे तोंड करून, पाय पसरून, रंभाबाई चहा पीत होत्या.

नागोराव बाटली हातात घेऊन उभे राहिले. मग वाकून त्यांनी बाजूच्या बादलीत बोटं बुडवली, पाच थेंब खाली टाकले आणि घड्याळ बघितलं.

"बसा आता," रंभाबाई म्हणाल्या.

"याला काय लावलंय?" नागोरावांनी महादूला विचारलं.

शहाबादी फरशी होती. तिला काही लावत नाहीत.