प्रत्येकाची एकेक गोळी

पंचांना उलट्या सुरू झाल्या तेव्हा त्यांच्या तिन्ही मुलांनी एकमेकांना फोन करून आधी हेच विचारलं, की तू त्यांना काय खायला घातलंस.

पंच म्हणजे त्यांचे वडील. हयात फुटबॉलच्या मैदानावर शिट्टी फुंकण्यात गेली, गुडघ्यांची वाट लागली आणि घरातही सगळे त्यांना पंचच म्हणू लागले. धाकटी मुलगी गाडी चालवायला शिकवायची. दिवसभर शिकाऊ माणसाशेजारी बसून आपल्या पायाखालचा जादा ब्रेक दाबत राहायचं. त्यामुळे राग गिळायची तिला सवय होती. पचवायची नव्हती.

"कुठल्या गोळ्या घेतात हे?" दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"गुडघ्याची एक. मीच आणतो," थोरला म्हणाला. "साधीच. चिठ्ठीही लागत नाही."

"आणि सर्दीची माझी," मधला म्हणाला. "पण ती वेगळी. तिच्यावर हिरवा पट्टा आहे."

दोन्ही पाकिटं टेबलावर आली. वर ठसठशीत नावं, खाली मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत एकच शब्द: पॅरासिटामॉल.

"नावं दोन, औषध एकच," बाई म्हणाल्या. "धडधाकट माणसालाही दिवसाला चार ग्रॅमच्या वर नको. यांचं वय, वजन बघता त्याहूनही कमी. जास्त झालं की लिव्हरवर येतं, आणि लिव्हर लगेच बोंब मारत नाही."

धाकटी भावांकडे वळली. "मोबाइल घेताना खोक्यावरचं अक्षर न् अक्षर वाचता. बापाला गोळी देताना पट्ट्याचा रंग बघता?"

"तोंड चालवू नकोस," थोरला म्हणाला. "रविवारी पाहुणीसारखी येतेस, चहा पिऊन जातेस."

"आणि पंच, तुम्हाला तरी कळायला नको?" धाकटी खाटेकडे वळली.

"एकाची घेतली आणि दुसऱ्याची परत केली तर त्याला काय वाटेल?" खाटेवरून पंच म्हणाले. "मी दोघांच्याही घेत होतो. सारख्या. दुखणं राहिलं तर वर आणखी एकेक."

हा न्याय ऐकून बाईंनी पेन खाली ठेवलं. "अजून काही घेत होता का? नीट आठवा. या दोन्हींची बेरीज काठावर येते. वर जात असेल तर मी रिपोर्टची वाट बघणार नाही, उताऱ्याचं सलाईन आत्ताच लावीन."

"एवढंच," पंच म्हणाले, आणि त्यांनी धाकटीकडे बघायचं कटाक्षानं टाळलं.

तेव्हा तिच्या लक्षात आलं. गरम पाण्यात ढवळून प्यायची लिंबाच्या चवीची पुडी. घसा खवखवतो म्हणाले म्हणून तिनंच डबाभर आणून दिली होती. औषध कसलं, सरबतच आहे, असंही वर सांगितलं होतं. ज्या माणसानं भरल्या मैदानात मधल्याला, पोटच्या पोराला, लाल कार्ड दाखवलं होतं, तो आज तिच्या बाजूनं खोटं बोलत होता. तेही स्वतःचं लिव्हर पणाला लावून.

राग होता तसाच राहिला, फक्त त्याला आता बसायला दुसरी जागा मिळाली. तिच्या पर्समध्ये एक पुडी उरली होती. तिनं ती उलटीपालटी करून वाचली. तोच शब्द.

"हीपण," ती टेबलावर आपटत धाकटी म्हणाली. "रोज झोपताना. मी दिलेली."

"अरे वा," मधला म्हणाला.

"हस. पण नंतर."

बाईंनी बेरीज पुरी न करताच नर्सला हाक मारली. पंचांनी डोळे मिटून घेतले. "तुला कुणी विचारलं होतं?"

"तुम्ही गप्प बसा." तिनं त्यांचा हात नर्ससाठी सरळ धरून ठेवला, जरा जास्तच घट्ट. "मरेपर्यंत सगळ्यांची मनं राखा. मग आम्ही आहोतच रडायला. अजून कुणाचं काही असेल तर आत्ता सांगा."

पंचांनी एक डोळा उघडला.

"कोपऱ्यावरचा चहावाला देतो एक," ते म्हणाले. "पण फार प्रेमानं देतो हो."

"कसली?" बाईंनी विचारलं.

"पांढरी."

धाकटीनं पर्स उचलली आणि ती जिना उतरू लागली. तिचा चेहरा बघून मधला मागोमाग धावला, चहावाल्याच्या काळजीनं.