मानसिंगचा मासा

कराडच्या खाली, कृष्णेच्या काठाला आमचा भोईवाडा. तिथं जोतिबा भोयाच्या तोंडाला कोणी लागत नसे. पाटलालाही तो शिवी हासडल्याशिवाय होडीत घेत नसे. पण लढाईवर निघालेल्या पोराची आई आली की हाच माणूस मऊ व्हायचा. देवडोहातला एक मासा न दुखवता धरायचा, त्याच्या ओठात पितळेची कडी अडकवायचा आणि पोराचं नाव घेऊन सोडून द्यायचा. मासा जगला तर पोर जगलं, अशी आमच्याकडची समजूत. त्या डोहात कधी जाळं पडत नसे.

राहीबाईचा मानसिंग फौजेबरोबर गेला तेव्हा तिनं तांब्याची कडी आणली, आपला मासा ओळखू यावा म्हणून. दर सोमवारी ती चुरमुरे घेऊन यायची.

"दिसला का रं माझा?"

"दिसला की! लय माजलाय त्यो. चुरमुरं जरा कमी टाका."

ती हसत घरी जायची.

धादांत खोटं होतं ते. चैत्रात डोहाचं पाणी आटत आलं तेव्हाच तो मासा पोट वर करून तरंगला होता. जोतिबानं तो वाळूत पुरला आणि कडी कनवटीला लावली. मला दाखवली होती त्यानं. मीही गप्प बसलो, त्याची लाज अजून वाटते.

श्रावणात तार आली. मानसिंग आषाढात इटलीत कामी आला होता. राहीबाई रडेचना.

"मासा जिता हाय," ती म्हणाली. "सरकार चुकलंय."

सुनेला रडू देईना, दहावा करू देईना. पोरगी आतल्या आत सुकत चालली. शेवटी राहीबाईचा नवरा सयाजी भोईवाड्यात आला आणि त्यानं जोतिबापुढं हात जोडले.

"काय खरं असंल ते तिला सांग, गड्या."

जोतिबा त्याच्या मागोमाग गेला. मीही गेलो. त्यानं कनवटीची कडी काढून राहीबाईच्या तळहातावर ठेवली.

"आवं काकी, त्यो कवाच मेला."

"कवा?"

"चैतात."

तिनं बोटांवर महिने मोजले. चैत, वैशाख, जेठ.

"तीन म्हैनं माझं लेकरू जितं व्हतं रं," ती म्हणाली. "तवाच सांगितलं असतंस, तर मी दुसरा मासा सोडला असता."

राहीबाईनं कडी मुठीत धरली आणि सुनेचं कुंकू पुसायला आत गेली.